आधी पाय मोजला, मग डेक कापला

माझ्या मासेमारीच्या बोटीवर ट्रोलिंग मोटरचं पायाने चालवायचं पेडल डेकच्या वर ९ सेंटिमीटर उंच होतं. जिन्याच्या पायरीपेक्षाही कमी. पण एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर ठेवून, पायरीवरचा पाय सतत हलवत, सहा तास उभं राहायचं आणि तेही डोलत्या बोटीवर, म्हटलं की ते ९ सेंटिमीटर कंबरेत उतरतात. माझ्या डाव्या खुब्यात ते दोन हंगाम उतरत राहिले. उजवा पाय पेडलवर, म्हणून शरीराचा सगळा भार डाव्यावर. संध्याकाळी बोट ट्रेलरवर घेताना डावा पाय उचलायला हाताचा आधार लागायचा.

ज्यांनी ही मोटर पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, विजेवर चालणारी छोटी मोटर बसवलेली असते. मासे असतील अशा जागी पोचलं की मागचं पेट्रोलचं इंजिन बंद करायचं, पुढची मोटर पाण्यात सोडायची आणि बुडालेल्या झाडांच्या, खडकांच्या कडेने आवाज न करता सरकत राहायचं. अशी पहिली विजेची मोटर १९३४ मध्ये अमेरिकेतल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी तयार केली, फोर्डच्या मॉडेल ए गाडीच्या स्टार्टर मोटरला दांडा आणि पंखा जोडून. पायाने चालवायची मोटर मात्र १९५१ मध्ये आली, मिसिसिपीतल्या जी. एच. हॅरिस यांची. मधली सतरा वर्षं लोक एका हाताने मोटर आणि दुसऱ्या हाताने गळ सांभाळत होते. पेडलचं सगळं महत्त्व यातच आहे की दोन्ही हात रॉडला मोकळे राहतात. हात मोकळे झाले, पण त्याचा भार कंबरेवर गेला, असं माझ्या बाबतीत झालं.

माझी मोटर २४ व्होल्टची, ८० पाउंड रेट्याची, केबलवर वळणारी. पेडल मध्यावर टेकलेल्या पाटासारखं असतं. चवडा दाबला की पोलादी केबल ओढली जाऊन मोटर उजवीकडे वळते, टाच दाबली की डावीकडे. पंखा फिरवायचं बटण पेडलच्या कडेला, वेगाची चकतीही तिथेच. ही रचना मला मनापासून आवडते, कारण मोटरचं तोंड कुठे आहे ते पाहावं लागत नाही. पायाला कळतं. वायरने किंवा रिमोटने वळणाऱ्या मोटरींचं पेडल बुटके असते, त्या जीपीएसवर एका जागी थांबूनही राहतात, आणि खुबा दुखतोय म्हटल्यावर अनेकांनी मला तीच घे असं सांगितलं. पण केबलमधून पायाला जे कळतं ते सोडायची माझी तयारी नव्हती. मग एकच वाट उरली. पेडल खाली न्यायचं. डेकमध्ये चौकोनी खाच कापायची, तिच्यात प्लास्टिकचा खोल ट्रे बसवायचा आणि ट्रेच्या तळाशी पेडल. म्हणजे दोन्ही पाय जवळजवळ एका पातळीवर येतात.

माझा मोठा भाऊ सुतारकाम करतो. त्याला बोटीपाशी बोलावलं, ट्रे दाखवला, सोबतचा कागदी नमुना दाखवला. नमुन्यावर कापायची रेघ छापलेली होती आणि नाळेच्या टोकापासून किती अंतरावर ठेवायचा तेही लिहिलं होतं. मी खडू हातात घेऊनच उभी होते.

"दादा, इथे आखू का?"

"आधी उभी राहा."

"कुठे?"

"जिथे उभी राहतेस तिथे. कागद बाजूला ठेव. रॉड घे हातात."

मी उभी राहिले. त्याने डोळे मिटायला सांगितले, जागच्या जागी चार पावलं टाकायला लावली आणि थांब म्हणाला. मग माझ्या दोन्ही पावलांभोवती खडूने आखलं. डोळे उघडून पाहिलं तर उजवं पाऊल छापील नमुन्यापेक्षा चार बोटं मागे आणि बरंच आत, बोटीच्या मध्याकडे. शिवाय ते सरळ पुढे बघत नव्हतं. बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली, साधारण दहा अंशांनी. नमुना नाळेला समांतर, चौकोनी होता. तो माझ्यापेक्षा उंच, लांब पावलाच्या, पाय जास्त फाकवून उभ्या राहणाऱ्या माणसाला धरून केलेला असावा. तसाच कापला असता तर मी रोज सहा तास गुडघा आत पिळून उभी राहिले असते, आणि कंबरेचं दुखणं गुडघ्यात आणलं असतं.

त्या दिवशी आम्ही काहीच कापलं नाही. दादाने फळ्यांचे तुकडे आणले आणि पेडलच्या तिन्ही बाजूंनी डेकवर रचले, एकावर एक, ९ सेंटिमीटर उंचीपर्यंत. पेडल होतं तिथेच राहिलं, डेकच वर आला. खाच कापल्यावर उभं राहायला कसं वाटेल ते डेकला हात न लावता कळावं, एवढ्यासाठी. फळ्या एकमेकींना स्क्रूने जोडल्या, पट्ट्यांनी डेकवरच्या कड्यांना आवळल्या, सरकू नयेत म्हणून खाली रबराचा तुकडा. वारा नसलेल्या दिवशी, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात दोन सकाळी मी त्याच्यावर उभी राहिले. लाइफ जॅकेट घालूनच. उभं राहायची जागा ९ सेंटिमीटर वर गेली की बोटीचा काठ तेवढाच खाली जातो आणि तोल गेला तर अडवायला काही उरत नाही. हा प्रयोग कोणी करणार असेल तर जॅकेटशिवाय करू नये.

या दोन सकाळींनी जे शिकवलं ते कुठल्या नमुन्यावर छापलेलं नव्हतं. पहिलं म्हणजे, पेडल डेकच्या अगदी बरोबरीला नको. मी तेच धरून चालले होते, कारण ऐकायला ते नीटनेटकं वाटतं. पण चवडा पूर्ण दाबला की पेडलचं पुढचं टोक खाली जातं, आणि मधली पातळी डेकच्या बरोबरीला असेल तर बुटाचा पुढचा भाग खाचेच्या कडेवर अडतो. मोटर उजवीकडे पूर्ण वळतच नाही. पेडलची मधली पातळी डेकपेक्षा सव्वा ते दीड सेंटिमीटर वर ठेवली की पाय मोकळा फिरतो आणि खुब्याला तेवढा फरक जाणवत नाही. दुसरं, टाचेमागे जागा लागते. उन्हाळ्यातल्या पातळ बुटांत जे जमतं ते पावसाळी जाड बुटांत जमत नाही. मी दोन्ही घालून पाहिले, अनवाणीही पाहिलं, आणि जाड बुटांचं माप धरलं. तिसरं, काठाजवळ पेडल असलं की मासा लागल्यावर पुढे वाकताना नडगी काठाला टेकते. एक तळहात आत घेतलं की टेकत नाही.

नंतर डेकच्या खाली काय आहे ते पाहायचं होतं. माझी बोट १७ फुटी, ॲल्युमिनियमची, तळ इंग्रजी व्ही आकाराचा. पुढचा डेक म्हणजे ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर टाकलेलं प्लायवूड आणि त्याच्यावर चिकटवलेला गालिचा. पुढच्या सामानाच्या कप्प्यात मी डोकं आणि एक हात घालून मोबाइलने फोटो काढले. नाळेवरच्या दिव्याची वायर दिसली, मोटरची जाड वायर दिसली, आडवी पट्टी दिसली, आणि कोपऱ्यांत भरलेला तरंगता फोम. पण कप्प्यातून ट्रेच्या जागेचा अर्धाच भाग दिसत होता. उरलेल्या अर्ध्यासाठी दादाने ठरलेल्या चौकोनाच्या मधोमध ६ मिलिमीटरचं एकच भोक पाडलं, जाड तारेचा एल आकार केला, तो भोकातून आत सोडला आणि खाली हळूहळू गोल फिरवला. तार जिथे अडते तिथे वर खडूची खूण. नंतर सरळ तार खाली सोडून खोली मोजली. मध्यावर २१ सेंटिमीटर. ट्रे ९ सेंटिमीटर खोल, म्हणजे भरपूर जागा, असं मी म्हटलं. दादा काही बोलला नाही. त्याने चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर भोकं पाडायला लावली, कारण चारही कोपरे कापून जाणारच होते. पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर तार ७ सेंटिमीटरवर टेकली.

बोटीचा तळ सपाट नसतो हे मला माहीत होतं, पण ते माहीत असणं आणि कापताना लक्षात असणं यात फरक आहे. व्ही आकाराचा तळ मध्यापासून काठाकडे चढत जातो, आणि तोच तळ मागून नाळेकडेही चढत जातो. म्हणजे पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर दोन्ही चढ एकत्र येतात. मध्यावरची खोली तिथे काहीच सांगत नाही. एका मोजमापावर मी कापलं असतं तर ट्रेचा कोपरा बोटीच्या पत्र्यावर टेकला असता, लाटांवर आदळताना घासत राहिला असता, आणि पत्रा कधी ना कधी झिजला असता.

ट्रे ७ सेंटिमीटर मागे आणि ४ सेंटिमीटर आत घेतला तेव्हा त्या कोपऱ्याला साडेबारा सेंटिमीटर मिळाले. योगायोग असा की खडूने आखलेलं माझं पाऊल त्याच दिशेला होतं. पण मागे सरकल्यामुळे सांगाड्याची आडवी पट्टी ट्रेच्या मागच्या चतुर्थांशात आली. इथे माझा आणि दादाचा वाद झाला. मला वाटत होतं, एवढीशी पट्टी आहे, तेवढी कापून टाकू, बाजूला इतका सांगाडा आहे.

"कापलीस तर तिच्यावरचा भार कुठे जाणार ते आधी सांग," तो म्हणाला.

"बाजूच्या पट्ट्यांवर."

"कशाने जाणार? मधे हवा आहे."

घराच्या तक्तपोशीत जिन्यासाठी खिंड ठेवताना सुतार जे करतो तेच त्याने केलं. कापलेल्या पट्टीची दोन्ही टोकं मोकळी सोडायची नाहीत. खाचेभोवती चौकट घालायची, पट्टीची टोकं तिला जोडायची, आणि चौकट दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांवर टेकवायची. त्यासाठी ३८ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा कोन घेतला. सगळं काम त्या छोट्या कप्प्यातून हात घालून. चार रिव्हेट मारायला एक अख्खी दुपार गेली आणि माझ्या दोन्ही कोपरांवर ओरखडे आले. पण नाळेवर दोन माणसं एकदम उभी राहतात, लाटेवरून बोट आदळते तेव्हा त्यांचं वजन काही पटीने खाली येतं. ती चौकट नसती तर डेक कधीतरी खचला असता, आणि तो खचताना त्याच्यावर कोणीतरी उभं असतं.

फोमचंही तसंच. ट्रेच्या जागेत येणारा फोमचा तुकडा काढावा लागला, अंदाजे ४ लिटरचा. तो फोम तिथे कंपन शोषायला नसतो. बोटीत पाणी भरलं तरी ती तळाला जाऊ नये म्हणून असतो. प्रत्येक लिटर फोम जवळजवळ एक किलो वजन पाण्यावर तोलून धरतो. चार लिटर काढले म्हणजे चार किलोचा तरंग गेला. मी तेवढ्याच घनफळाचा, पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम नाळेच्या दुसऱ्या बाजूला, तितक्याच उंचीवर घट्ट बसवला. यात अर्धा तास गेला. लोक हे करत नाहीत असं मी पाहिलं आहे, आणि ते मला पटत नाही.

कापायच्या दिवशी आधी दोन्ही बॅटऱ्यांची जोडणी सोडली. दिव्याची वायर आणि मोटरची वायर एका बाजूला ओढून बांधली. नवा नमुना आम्ही जाड पुठ्ठ्याचा केला होता, माझ्या पावलाच्या कोनात. ट्रेला वरून दोन बोटं रुंद काठ असतो, तो डेकवर टेकतो. कापायची रेघ त्या काठाची नाही, काठाखालच्या अंगाची, अधिक तीन मिलिमीटर. काठाभोवती आखून कापलं तर ट्रे सरळ खाली पडतो, आणि मोठी झालेली खाच पुन्हा लहान करता येत नाही. दादाने पुठ्ठ्यावर दोन्ही रेघा काढल्या आणि बाहेरच्या रेघेवर फुल्या मारल्या.

आता चुकले ते सांगते. कोपऱ्यांची गोल भोकं पाडायला ड्रिलला गोल करवत लावली आणि मी सरळ गालिच्यावर टेकवून चालू केली. दुसऱ्या क्षणी गालिच्याचे धागे करवतीच्या दात्यांत गुंतले, ड्रिल हातातून पिळला गेला, आणि गालिच्यात वीतभर लांब उसवण धावत गेली. मनगट मुरगळलं नाही ते ड्रिल लगेच सोडला म्हणून. गालिचा आधी कटरने कापून सोलायचा, लाकूड उघडं करायचं आणि मगच ड्रिल टेकवायचा. दादा तेव्हा खाली कप्प्यात टॉर्च धरून बसला होता, त्यामुळे त्याला दिसलं नाही. उसवण नशिबाने ट्रेच्या काठाखाली जाणाऱ्या भागातच बरीचशी होती. उरलेली चार बोटं गालिच्याच्या गोंदाने बसवली. जवळून पाहिलं तर आजही दिसते.

नंतरचं कापणं शांतपणे झालं. जिगसॉचं, म्हणजे विजेच्या उभ्या करवतीचं, पान लांब होतं, ते पकडीत धरून तोडून आखूड केलं, म्हणजे प्लायवूडच्या खाली ते जास्तीत जास्त अडीच सेंटिमीटर जाईल आणि वायरला, पत्र्याला लागणार नाही. दात खालच्या दिशेला असलेलं पान घेतलं, त्याने वरची कड फाटत नाही. रेघेवर मास्किंग टेप. शेवटची बाजू कापताना मी खालून हात देऊन तुकडा धरला, नाहीतर तो वजनाने वाकून कोपऱ्यावर चीर पाडतो. खाच झाली. वरून पाहिलं तर बोटीच्या पोटात दिसत होतं. पोटात गोळा आला हे खरं आहे, सगळं मोजलेलं असूनही.

कापलेल्या कडा कोरड्या, उघड्या होत्या. बोटीचं प्लायवूड कुजतं ते इथूनच. वरून गालिचा असतो, खालून रंग असतो, पण कापलेल्या कडेत लाकडाचे धागे उघडे पडतात आणि पाणी थेट आत खेचलं जातं. कानशीने आणि पॉलिश पेपरने कडा साफ करून इपॉक्सीचे, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या राळेचे, तीन हात दिले. पहिला हात लाकडाने पिऊनच टाकला. स्क्रूंच्या भोकांनाही तसंच केलं. आधी जरा मोठी भोकं पाडली, इपॉक्सीने भरली, सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू बसवले. म्हणजे स्क्रू लाकडात नाही, इपॉक्सीत बसतो. बोटीत कुठे नवी फळी घालायची वेळ आली तर तांब्याचं औषध मारलेलं लाकूड ॲल्युमिनियमला टेकवू नये, ओल लागली की पत्रा खाल्ला जातो. तसंच स्टेनलेसचे बोल्ट जिथे ॲल्युमिनियमच्या चौकटीतून जातात तिथे मी गंजरोधक लेप लावला, कारण हे दोन धातू आणि मधे पाणी म्हटलं की झीज ॲल्युमिनियमची होते.

सीलंट, म्हणजे फटीतून पाणी जाऊ नये म्हणून भरायचा लेप, निवडताना मी थांबून विचार केला. सिलिकॉन हाताशी होतं, पण त्याची पातळ साय एकदा लाकडावर बसली की नंतर तिथे दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा. कायमचं धरणारं पॉलियुरेथेन सीलंट इतकं घट्ट धरतं की ट्रे काढायची वेळ आली तर प्लायवूडचा थर घेऊनच निघतो. पेडलची केबल कधी ना कधी बदलावी लागणार, ट्रे काढावा लागणार. म्हणून पुन्हा सोडवता येईल अशा प्रकारचं पॉलियुरेथेन घेतलं. काठाखाली एक सलग रेघ ओढली, ट्रे बसवला, स्क्रू अर्धे आवळले आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण. एकदम आवळलं तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि मधे काहीच उरत नाही.

ट्रेच्या तळाला पाणी जायला भोक होतं. मी त्याला नळी जोडून ती बोटीच्या तळाकडे नेली, जिथून पाणी उपसायचा पंप ते बाहेर टाकतो. तोंडावर जाळी, नाहीतर गळाचे प्लास्टिकचे तुकडे आणि पाला तिला बुजवतात. पाऊस पडल्यावर हा ट्रे बादलीसारखा भरतो आणि पेडलचं बटण त्या पाण्यात बुडतं. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, मिनिटभरात ट्रे कोरडा झाला.

पेडल बसवलं तेव्हा मला वाटलं काम संपलं. ट्रेच्या तळाखाली कापून काढलेल्या प्लायवूडचाच तुकडा आधाराला दिला, त्यालाही इपॉक्सी लावून, आणि पेडलचे बोल्ट त्यातून आरपार नेले. पेडलखाली पातळ पट्ट्या घालून उंची सव्वा सेंटिमीटरवर आणली. वायर जोडली, बॅटरीजवळचा ६० ॲम्पिअरचा ब्रेकर चालू केला. हा ब्रेकर बॅटरीपासून सहा फुटांच्या आत असावा लागतो आणि माझा आधीपासून तसाच होता. बटण दाबलं, पंखा फिरला. चवडा दाबला, आणि पेडल जागचं हललं नाही.

म्हणजे हललं, पण चिखलात रुतल्यासारखं. टाचेकडे जरा बरं, चवड्याकडे खूप जड. पेडल वर असताना ते बोटाच्या जोराने फिरत होतं. मी मोटर उचलून पाहिली, आवरणाच्या नळीतली केबल दोन्हीकडून ओढून पाहिली, तेल घालायचाही विचार केला. खरं कारण दादाने बोटाने दाखवलं. केबल पेडलमधून निघते, ट्रेच्या पुढच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर जाते आणि लगेच वर वळून डेकवरून मोटरकडे. आधी पेडल डेकवर होतं तेव्हा हे वळण जवळजवळ नव्हतंच. आता नळी एका वितीत दोनदा वळत होती. केबल आत नळीच्या भिंतीवर घासून चालते, आणि वळण जितकं आवळ तितकी ती जास्त दाबली जाते. मी पायाची, पेडलची, तळाची, पट्टीची सगळ्यांची मापं घेतली होती. केबलला किती जागा लागेल ते मोजलंच नव्हतं.

दोन गोष्टी केल्या. ट्रेच्या भिंतीतलं भोक वाढवून त्याची वरच्या काठापर्यंत उभी फट केली, कडेला रबराची पट्टी लावली, म्हणजे नळी आवळून न वळता तिरकी वर चढते. आणि डेकवर तिला थेट न नेता काठाच्या बाजूने मोठा वळसा दिला. नळी क्लिपांमध्ये घातली, पण आवळली नाही. मोटर पाण्यात सोडताना आणि वर आडवी घेताना ही नळी पुढेमागे सरकते, आणि एका जागी आवळून टाकली तर दर वेळी तिथेच मोडते. दहा वेळा मोटर सोडली, दहा वेळा वर घेतली, प्रत्येक वेळी नळी कुठे ताणते ते पाहिलं आणि शेवटची क्लिप एक वीत मागे नेली. त्यानंतर पेडल पुन्हा बोटाने फिरू लागलं. कोणी ट्रे विकत घेणार असेल तर त्याने ट्रे किती खोल आहे त्याच्या आधी केबल कुठून जाणार ते पाहावं, असं मी सांगेन.

पहिल्यांदा पाण्यावर नेली तो दिवस वाऱ्याचा होता. मुद्दाम तसाच निवडला. वाऱ्यात नाळ वरखाली होते, आणि आधी नाळ खाली गेली की माझं वजन नकळत उंच पायावर यायचं, चवडा दाबला जायचा आणि मोटर आपोआप उजवीकडे पळायची. मग मी ती परत आणायची, तोवर लाट, पुन्हा तेच. त्या दिवशी सकाळभर मी बुडालेल्या खोडांच्या एका रांगेच्या कडेने वाऱ्याविरुद्ध बोट धरून ठेवली आणि मोटरकडे एकदाही पाहिलं नाही. वजन दोन्ही पायांवर होतं. लाट आली की दोन्ही गुडघे वाकायचे, फक्त डावा नाही. चार तासांनी मी पाय बदलून पाहिला, डाव्या पायाने पेडल चालवलं, आणि ते नीट जमलं नाही, कारण खाच उजव्या पायाच्या कोनात आहे. त्याचं मला वाईट वाटलं नाही. सहा तासांनी किनाऱ्याला आलो तेव्हा थकवा होता, पण खुब्यात ती सुई नव्हती. ट्रेलरवर बोट चढवताना डावा पाय स्वतःच उचलला गेला आणि ते माझ्या दोन पावलांनंतर लक्षात आलं.

एक नवी सवय मात्र लावून घ्यावी लागली. डेकमधली खाच म्हणजे डेकमधला खड्डाच. मासा ओढताना मागे सरकलं की टाच तिच्यात जाऊ शकते, आणि बोटीवर नव्याने आलेल्या माणसाला ती दिसतच नाही. आता कोणीही बोटीवर चढलं की मी आधी खाच दाखवते, आणि मोटर वापरायची नसेल तेव्हा ट्रेवर जाड रबराची चटई टाकते.

परतल्यावर दादा नाळेवर चढला. एवढं काम केलं, तर आपणही उभं राहून पाहावं म्हणून. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्याने उजवा पाय पेडलवर ठेवला, रॉड हातात घेतल्यासारखे हात केले, चवडा दाबला, आणि त्याच्या बुटाचं टोक खाचेच्या कडेवर टेकलं. त्याने पाऊल सरळ करून पाहिलं, मग मागे घेऊन पाहिलं. टाच मागे अडली.

"मला नाही बसत," तो म्हणाला आणि खाली उतरला. मग खिशातून खडू काढून त्याने माझ्या हातात दिला. "पुढच्या रविवारी माझ्या बोटीवर ये. मी डोळे मिटतो, तू आख."